शेजारी देशांबरोबर संशोधन प्रकल्प करताय? या चुका टाळा

नेपाळ, बांगलादेश, भूतान इथल्या संस्थांबरोबर पाणी, शेती, आरोग्य किंवा हवामानावर काम करणारे तरुण संशोधक आता पुण्यातही बरेच भेटतात. दक्षिण आशियाचं प्रादेशिक हवामान केंद्र पुण्याच्या हवामान कार्यालयातच आहे. मोसमी पावसाच्या एकत्रित अंदाजासाठी या सगळ्या देशांचे हवामानशास्त्रज्ञ पहिल्यांदा एका टेबलाभोवती बसले तेही पुण्यातच, २०१० साली. शाश्वत विकासाच्या नावाने असे संयुक्त प्रकल्प वाढताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. पण त्यातले पुष्कळ प्रकल्प अहवाल छापून संपतात आणि गावात काहीच बदलत नाही. विज्ञान कच्चं असतं म्हणून असं होत नाही. प्रश्न ठरून गेल्यावर शेजाऱ्याला बोलावलं जातं, म्हणून होतं. खाली ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यातल्या बहुतेक याच एका चुकीतून निघतात.

प्रश्न आपण ठरवायचा आणि भागीदार नंतर शोधायचा

याचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात दुःखद उदाहरण बांगलादेशातलं आहे. १९७० च्या दशकात तिथली मुलं तळ्या-नद्यांचं पाणी पिऊन जुलाबाने दगावत होती. युनिसेफ आणि इतर दात्यांच्या मदतीने सरकारने खेडोपाडी ट्यूबवेल बसवल्या. हेतू चांगला होता, आणि जंतूंच्या दृष्टीने ते पाणी खरोखरच बरं होतं. त्यात आर्सेनिक हे विष आहे का, हे मात्र कोणी पाहिलं नाही. पाण्याच्या त्या काळच्या नेहमीच्या चाचण्यांत आर्सेनिकची तपासणी नसायचीच.

सीमेच्या अलीकडे, पश्चिम बंगालमध्ये, कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधले त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ मध्येच ट्यूबवेलच्या पाण्यातून आर्सेनिकची बाधा झालेले रुग्ण ओळखले होते. तळहातांवर, तळपायांवर टणक गाठी, अंगावर काळे-पांढरे ठिपके. १९८८ पासून जादवपूर विद्यापीठाचे दीपंकर चक्रवर्ती गावोगावचं पाणी तपासत होते. सीमेच्या दोन्ही बाजूंना गाळ तोच आणि खोरं तेच. आर्सेनिक कुठल्या कारखान्यातून आलेलं नव्हतं. नद्यांनी हिमालयातून आणलेल्या तरुण गाळात लोहाच्या संयुगांना ते चिकटलेलं असतं, आणि जमिनीखाली प्राणवायू संपला की सुटून पाण्यात उतरतं. असा गाळ सीमेपाशी थांबेल, असं मानायला काहीच आधार नव्हता. तरी बांगलादेशच्या सरकारी खात्याने भूजलात आर्सेनिक नोंदवलं ते १९९३ साली. कोलकाता ते ढाका हवाई अंतर जेमतेम अडीचशे किलोमीटर आहे, आणि एवढ्या अंतरावर माहिती पोचायला दहा वर्षं गेली.

त्यातही मध्ये एक संधी आली होती. १९९२ मध्ये ब्रिटिश भूगर्भ सर्वेक्षणाने बांगलादेशातल्या काही विहिरींचं पाणी तपासलं. तपासणीच्या यादीत पुष्कळ मूलद्रव्यं होती, आर्सेनिक नव्हतं. पुढे एका बाधित गावकऱ्याने इंग्लंडमध्ये दावा लावला. तो तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, म्हणजे हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि २००६ मध्ये फेटाळला गेला. ते पाणी पिणाऱ्या लोकांप्रती सर्वेक्षणाची कायदेशीर जबाबदारी येत नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. कायद्याचं उत्तर ते असेल. पण संशोधन प्रकल्पात ‘आम्हाला तेवढंच विचारलं होतं’ हे उत्तर पुरेसं आहे, असं मला वाटत नाही.

यादी कोणी केली, हा खरा मुद्दा आहे. कोलकात्याच्या बाह्यरुग्ण विभागातला एक डॉक्टर किंवा जादवपूरचा एक रसायनशास्त्रज्ञ यादी करताना बसला असता, तर त्यात एक ओळ वाढली असती.

म्हणून प्रस्ताव लिहिण्याआधी एक बैठक भागीदाराच्या गावी घ्या. ऑनलाइन नको, प्रत्यक्ष घ्या. तिचा खर्च आपल्या संस्थेकडून मागून घ्या आणि आपला आराखडा बरोबर नेऊ नका. विद्यापीठातल्या प्राध्यापकांबरोबर सरकारी पाणीपुरवठा खात्यातला अभियंता, तालुक्याच्या दवाखान्यातला डॉक्टर, आरोग्यसेविका यांनाही बोलवा. त्यांना एवढंच विचारा, की कारण कळत नाही अशा कोणत्या तक्रारी तुमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात? त्यांची उत्तरं वहीत उतरवा आणि मग प्रश्न लिहायला घ्या. स्थानिक भाषेतले जिल्हा अहवाल, तिथल्या विद्यापीठांतले एमएस्सीचे प्रबंध हेही वाचून घ्या. इंग्रजी नियतकालिकांत न आलेलं पुष्कळ ज्ञान तिथे पडून असतं.

बांगलादेशातली पुढची कामं पाहिली, तर उलट बाजूही दिसते. २००० नंतरच्या काही वर्षांत सुमारे ५० लाख ट्यूबवेल तपासून, घातक असलेल्यांची तोटी लाल आणि बऱ्या असलेल्यांची हिरवी रंगवली गेली. ढाक्याजवळच्या आराईहजार भागात कोलंबिया विद्यापीठ आणि स्थानिक संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलं. आपली ट्यूबवेल घातक आहे हे कळल्यावर तिथली निम्म्याहून जास्त कुटुंबं शेजारच्या बऱ्या ट्यूबवेलकडे वळली. कारण साधं होतं. चांगलं पाणी बहुतेकदा चालत जाण्याच्या अंतरावर होतं, फक्त ते कुठलं हे कोणी सांगितलेलं नव्हतं. याच काळात बाहेरून आलेले कितीतरी गाळणी-संच मात्र पडून राहिले, कारण गाळणीतला माल कोण आणि कधी बदलणार, हे ठरलेलं नव्हतं. उपकरण घेऊन जाण्याआधी लोक आज काय करतात ते पाहा. उपायाचा अर्धा भाग तिथेच असतो.

आकडे सीमेवर जुळतात असं गृहीत धरणं

ही चूक कंटाळवाणी दिसते, पण सगळ्यात जास्त महिने हीच खाते.

पुन्हा आर्सेनिकच घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची आणि भारताची स्वीकार्य मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे. नेपाळ आणि बांगलादेशची ५०. म्हणजे ३० मायक्रोग्रॅमची ट्यूबवेल नेपाळच्या नवलपरासीत सुरक्षित ठरते आणि तिथून काही मैलांवर उत्तर प्रदेशात असुरक्षित. दोन्हीकडचे ‘सुरक्षित-असुरक्षित’ असे तयार तक्ते जोडले, की नकाशावर नेमकी सीमेवर एक रेघ उमटते आणि कोणीतरी तिच्यावर भूशास्त्रीय कारणं शोधू लागतं. भागीदाराकडून नेहमी मूळ मोजमाप मागा, वर्गवारी नको. मोजमाप कशाने घेतलं, तेही विचारा. गावात वापरायच्या किटचा आकडा आणि प्रयोगशाळेतला आकडा एका रकान्यात घालू नका.

पावसाचं तर विचारूच नका. आपल्याकडे दिवसाचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, नेपाळात पावणेनऊला. नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असल्यामुळे क्षण तोच असतो, इथवर सगळं ठीक. पण ९ तारखेच्या सकाळी नोंदलेला पाऊस बराचसा ८ तारखेला पडलेला असतो. उपग्रहावरून काढलेले दैनिक आकडे बहुधा जागतिक प्रमाणवेळेच्या मध्यरात्रीपासून धरतात, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून. हे न पाहता दोन्ही मालिका समोरासमोर ठेवल्या, की सगळं एका दिवसाने सरकतं. मग ‘नेपाळचा डेटा खराब आहे’ असा शेरा मारला जातो. डेटा खराब नसतो, आपण तो कसा नोंदला हे विचारलेलं नसतं.

मराठी माणसाला चकवणारी आणखी एक जागा आहे. नेपाळात गावची दप्तरं विक्रम संवताप्रमाणे असतात, आणि त्यातले साउन, भदौ हे महिने सौर आहेत. साउन दरवर्षी जुलैच्या मध्याला सुरू होतो. आपला श्रावण चांद्र, तो पुढेमागे होतो आणि अधिक महिन्याच्या वर्षी तर आणखी सरकतो. ओळखीचं नाव दिसलं म्हणून आपल्या पंचांगाने तारीख लावू नका. दिवसागणिक तारीख बदलून देणारा तक्ता भागीदाराकडूनच घ्या.

बांगलादेशातल्या पाणीपातळीच्या जुन्या नोंदी बहुतेक तिथल्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या शून्यापासून मोजलेल्या असतात, आणि तो शून्य समुद्राच्या सरासरी पातळीच्या सुमारे ०.४६ मीटर खाली आहे. सुंदरबनाच्या बाजूला अर्धा मीटर म्हणजे शेत बुडालं की वाचलं, एवढा फरक.

आकडा तपासून न घेण्याची किंमत हिमालयाने एकदा सगळ्या जगासमोर मोजली आहे. संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलावरच्या समितीच्या (आयपीसीसी) २००७ च्या अहवालात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता छापली गेली. ती समीक्षित संशोधनातून आलेली नव्हती, एका संस्थेच्या अहवालातून उचललेली होती. जानेवारी २०१० मध्ये आयपीसीसीला खेद व्यक्त करावा लागला. हिमनद्या वितळताहेत हे खरंच होतं आणि आहे, पण त्या एका आकड्यामुळे खऱ्या मोजणीवरचा विश्वासही काही काळ डळमळला. हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीवर भारतीय आणि फ्रेंच संशोधक २००२ पासून दरवर्षी बर्फात खुंट्या रोवून जमाखर्च मोजताहेत. असल्या संथ, न चमकणाऱ्या मोजणीला प्रस्तावात जागा आणि पैसे द्या.

परवानग्या ‘नंतर बघू’ म्हणून ठेवणं

परदेशी पैशाने किंवा परदेशी संस्थेबरोबर भारतात आरोग्य-संशोधन करायचं, तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मान्यता लागते. नेपाळात नेपाळ आरोग्य अनुसंधान परिषद, बांगलादेशात बांगलादेश वैद्यकीय संशोधन परिषद. आपल्या संस्थेच्या नैतिकता समितीने हो म्हटलं, की तिकडेही झालं असं होत नाही. दोन्हीकडे वेगळे अर्ज करावे लागतात.

वनस्पती, बियाणं, जंतू, माती यांचे नमुने सीमा ओलांडणार असतील, तर आपला २००२ चा जैवविविधता कायदा आणि जैविक साधनांचा लाभ न्याय्यपणे वाटण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय नागोया करार दोन्ही आड येतात. येऊ द्या, ते तिथे असायलाच हवेत. नमुने गोळा करून निघून जायचं आणि लाभ भलतीकडे, हा प्रकार आपल्या सगळ्यांच्याच वाट्याला आलेला आहे. नमुना तिथल्याच प्रयोगशाळेत तपासता येतो का, हा प्रश्न आधी विचारा. बऱ्याचदा येतो, फक्त एखादं रसायन किंवा आठवड्याभराचं प्रशिक्षण कमी असतं. तेवढं प्रस्तावात घातलं तर परवानगीचा अर्धा त्रास वाचतो आणि कौशल्य तिथेच राहतं.

नद्यांवर काम करणाऱ्यांनी एक गोष्ट पहिल्याच दिवशी मान्य करावी. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि सिंधू खोऱ्यांतली विसर्गाची भारतीय आकडेवारी गोपनीय वर्गात मोडते. ती मिळेल असं धरून पीएचडीचा विषय नेपाळी किंवा बांगलादेशी विद्यार्थ्याला देणं हा त्याच्यावर अन्याय आहे. खुल्या उपग्रह-नोंदी, नेपाळच्या बाजूची मापन केंद्रं आणि स्वतः बसवलेले पातळीमापक एवढ्यावर उभा राहील असाच विषय आखा. सरकारी आकडे मिळाले तर ती भर समजा.

नकाशा

हा मुद्दा छोटा आहे, पण यावरून शोधनिबंध अडकतात. नेपाळने २०२० मध्ये काढलेल्या नकाशात कालापानी, लिपुलेख, लिम्पियाधुरा हे भारतही आपले म्हणतो ते भाग त्यांच्या हद्दीत आहेत. भारतात सर्वेक्षण विभागाच्या नकाशाशी न जुळणारी सीमा छापणं हा गुन्हा आहे. दोन्ही सहलेखकांना आपापल्या देशात नोकरी करायची असते. राजकीय सीमा काढूच नका. पाणलोटाची हद्द, नद्या, मापन केंद्रं, उंचीच्या रेषा एवढं पुरतं. आणि हे काम सुरू होतानाच ठरवा, छपाईच्या आदल्या आठवड्यात नको.

पैशाचं वर्ष आणि पैशाचा शेवट

आपलं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, बांगलादेशचं १ जुलैला, नेपाळचं साउन महिन्याच्या पहिल्या दिवशी. म्हणजे ऐन पावसात, जेव्हा पुराचं किंवा भाताचं खरं काम शेतात असतं, तेव्हा काठमांडूच्या कार्यालयात जुनं वर्ष बंद करून नवीन मंजुरीची वाट पाहणं चालू असतं. जुलै-ऑगस्टचा क्षेत्रखर्च मे महिन्यातच भागीदाराच्या खात्यात पोचेल अशी व्यवस्था करा. नेपाळचे दशैं-तिहार हे सण, दोन्ही ईद, बांगलादेशातली शुक्रवार-शनिवारची सुट्टी हे वेळापत्रकात आधीच लिहा.

भारतीय संस्थेने युरोप-अमेरिकेचा निधी घेऊन तो पुढे दुसऱ्या संस्थांना वाटायचा, ही जुनी पद्धत २०२० च्या परदेशी अंशदान कायद्यातल्या दुरुस्तीनंतर चालत नाही. असा निधी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. प्रत्येक भागीदाराचा करार थेट दात्याशी करून घ्या. बांगलादेशात स्वयंसेवी संस्थेला परदेशी निधीच्या प्रकल्पासाठी एनजीओ ब्युरोची मंजुरी लागते, तिचेही महिने मोजा.

निधी मध्येच थांबू शकतो, हे गेल्या काही वर्षांत दोनदा ठळक दिसलं. २०२१ मध्ये ब्रिटनने विकास-मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्क्यांवरून ०.५ वर आणली आणि चालू असलेल्या संशोधन प्रकल्पांनाही कात्री लागली. २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकेने मदत गोठवली, तेव्हा ढाक्याच्या आयसीडीडीआर,बी या नामांकित आरोग्य-संशोधन संस्थेतल्या हजाराहून अधिक लोकांच्या नोकऱ्या गेल्या. त्यांतले कितीतरी जण गावोगाव फिरून नोंदी ठेवणारे होते. म्हणून करारात एक परिच्छेद हवाच. पैसे उद्या थांबले तर उपकरणं कोणाची, डेटा कुठे, नमुन्यांच्या फ्रीझरचं वीजबिल कोण भरणार आणि क्षेत्रकर्मचाऱ्यांना किती महिन्यांची नोटीस. दाता कुरकुर करेल, तरी लिहून घ्या.

निष्कर्ष छापले म्हणजे काम झालं असं समजणं

या प्रदेशात घडलेलं एक काम मला सगळ्यात मोलाचं वाटतं, ते म्हणजे जलसंजीवनी. मीठ-साखरेचं पाणी तोंडाने देऊन कॉलऱ्याचा रोगी वाचवता येतो, हे १९६८ मध्ये ढाक्याच्या कॉलरा प्रयोगशाळेत अमेरिकी आणि स्थानिक संशोधकांनी रुग्णांवर दाखवून दिलं. १९७१ च्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत सलाइन संपलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनवीस यांनी हेच मिश्रण पिंपांतून नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास होतं, ते ४ टक्क्यांखाली आलं.

खरं शिकण्यासारखं त्याच्या पुढे आहे. १९८० पासून दहा वर्षं ब्रॅक या बांगलादेशी संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. सुरुवातीला आयांना कृती पाठ झाली, पण मूल आजारी पडल्यावर फारच थोड्या जणी ती वापरत होत्या. संस्थेने कारण शोधलं. काही कार्यकर्त्यांचाच त्या पाण्यावर विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांना कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना ढाक्याच्या प्रयोगशाळेत नेऊन ते पाणी शरीरात कसं काम करतं हे दाखवलं, पुरुषांच्या बैठका घेतल्या, आणि कार्यकर्तीचा मेहनताना आईला किती आठवतं यावर ठरवला. एक कोटीहून अधिक घरांपर्यंत हे ज्ञान असं पोचलं. आपल्या प्रस्तावातल्या ‘प्रसार’ या रकान्यात सहसा एक कार्यशाळा आणि एक पत्रक असतं. तिथे कमीत कमी एक वर्ष आणि ‘लोक हे का वापरत नाहीत’ या प्रश्नावर काम करणारा एक माणूस धरा.

निबंधावर नाव कोणाचं, हेही इथेच सांगतो. ज्याने पावसात उभं राहून नोंदी घेतल्या, ज्याने परवानगीसाठी खेटे घातले, त्याचं नाव आभारात ढकलू नका. पहिला लेखक कोण, दुसरा निबंध कोणाचा, हे पहिल्या बैठकीतच लिहून ठेवा. निबंध छापण्याआधी गोषवारा नेपाळीत किंवा बांगलात करून ज्या गावात काम केलं तिथे वाचून दाखवा. चुका तिथेच सापडतात.

प्रकल्प आधीच अडकला असेल तर

भागीदार पत्रांना उत्तर देत नाही: आठवण देणारं आणखी एक पत्र पाठवू नका, फोन करा. बहुधा तिकडे बदली झालेली असते किंवा वरिष्ठांची सही अडलेली असते. आपल्या संस्थाप्रमुखांकडून त्यांच्या संस्थाप्रमुखांना एक रीतसर पत्र गेलं, की खालच्या माणसाची सुटका होते.

डेटा द्यायला नकार येतो: कारण विचारा आणि ते ऐका. मागच्या कुठल्यातरी प्रकल्पाने डेटा नेला आणि नाव दिलं नाही, असं उत्तर फार वेळा मिळतं. मूळ डेटा त्यांच्याच संगणकावर राहू द्या. विश्लेषणाचा प्रोग्राम तिकडे पाठवा, निकाल इकडे मागवा. काम थोडं हळू होतं, पण होतं.

गावकऱ्यांनी सहकार्य थांबवलं: रक्ताचे, पाण्याचे नमुने नेले आणि निकाल कळवले नाहीत का, ते आधी पाहा. निकाल छापील तक्त्यात नको, घरटी एका चिठ्ठीवर, त्यांच्या भाषेत, आणि वाईट निकाल असेल तर पुढे कुठे जायचं त्या पत्त्यासह द्या.

दोन सरकारांचे संबंध बिघडले: संस्थांच्या पातळीवरचं जाहीर काम थोडं थांबवा, पण मोजणी थांबवू नका. दोन्ही बाजूंनी आपापल्या हद्दीत, ठरलेल्या त्याच पद्धतीने नोंदी चालू ठेवल्या, तर दोन वर्षांनी त्या जोडता येतात. यासाठी नोंदीची पद्धत दोन्ही भाषांत छापलेली आणि दोन्ही कार्यालयांत ठेवलेली असली पाहिजे. ती अजून नसेल, तर संबंध चांगले आहेत तोवर, याच महिन्यात ती तयार करून घ्या.